आमची वाटचाल : बर्फाच्या काठावरचं हॉटेल

माझे वडील कराडच्या एसटी स्टँडवर कॅन्टीनच्या भट्टीला होते. गाडी लागली की कंडक्टर ओरडणार "दहा मिनिटं थांबेल" आणि पन्नास माणसं एकदम काउंटरवर, मग त्या दहा मिनिटांत जो वडा ताटात तयार आहे तो गेला, जो कढईत आहे तो तुमच्याच गळ्यात. मी इकडं कॅनडात, ओंटारियोत, आइस हॉकीच्या रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानात, बार आणि रेस्टॉरंट चालवतो, आणि लोक विचारतात हे तुम्हाला कसं जमलं, तर बाबांनो असं जमलं. कंडक्टरच्या जागी खेळ थांबल्याचा बझर आणि गाडीच्या जागी झँबोनी, म्हणजे बर्फ घासून त्यावर पाणी मारणारं यंत्र, बाकी कराड स्टँडच.

हे हॉटेल २०११ ला घेतलं. टोरांटोजवळ ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या पट्ट्यातलं प्रायव्हेट रिंक, दोन पॅड म्हणजे बर्फाची दोन मैदानं, वरच्या मजल्यावर लांबच्या लांब काच आणि काचेच्या आत आमची टेबलं. माझ्या आधी तीन जण घेऊन सोडून गेलेले. मी सात वर्षं बँक्वेट हॉलच्या किचनात घासलेली होती त्यामुळं वाटलं आपल्याला काय अवघड आहे. गावाकडचा प्लॉट विकला. वडील फोनवर एक शब्द वाईट बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. बायको हिशोबाला, किचनात मी आणि एक पाजी जे आधी ट्रक चालवायचे, आणि बारवर भाड्याची पोरं. मला हॉकीतलं ढिम्म कळत नव्हतं. ऑफसाइड काय असतं ते कळायला दीड सीझन गेला.

पहिल्या महिन्यात फरशी फाटली. मी हौसेनं लाकडासारखं दिसणारं व्हायनिल टाकलेलं, आणि पोरं स्केट्स न काढता हॉट चॉकलेट प्यायला वर यायची, झालं, सुरीनं भाकरी कापावी तशी फरशी. काळं रबर टाका, दिसायला गॅरेज दिसलं तरी चालेल. दुसरी काच. आमच्याकडं माणूस चिकन खायला येत नाही, पोराची गेम बघत चिकन खायला येतो. आत फ्रायर, ग्रेव्ही, माणसांचा श्वास आणि काचेपलीकडं गारठा, मग काचेवर धुकं. वायपर घेऊन एक पोरगा दिवसभर काच पुसत उभा. वर किचनचा हुड एवढी हवा ओढायचा की रिंककडचं दार आपोआप उघडायचं आणि त्यांची थंड हवा आमच्याकडं, मॅनेजरची रोज तक्रार. बाहेरून ताजी हवा आत सोडणारं युनिट आधीच्या तिघांपैकी कुणीच बसवलं नव्हतं. ते मी बसवलं, माझ्या पैशानं, त्यांच्या बिल्डिंगमध्ये. लक्षात ठेवा हे, पुढं लागणार आहे.

तिसरी बीअर. केग, म्हणजे बीअरची पिंपं, खाली वॉक-इन कूलरमध्ये आणि नळ वर, मधे साठ फूट लाईन. ५८.६ लिटरच्या केगमधनं इकडं कॅनडातल्या पाइंटच्या मापानं शंभराच्या आसपास ग्लास निघायला पाहिजेत, आमचे ऐंशी निघायचे, बाकी सगळा फेस ड्रेनमध्ये. मी कंपनीच्या माणसाला शिव्या घालत होतो, गॅसचं प्रेशर वरखाली करत होतो.

इथं आजोबा आले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मंगळवारच्या रात्रीच्या बीअर लीगचे गोली म्हणजे गोलकीपर, तेव्हाच साठीचे, आयुष्यभर रेफ्रिजरेशन मेकॅनिक म्हणून काम केलेले. बीअर लीग म्हणजे दिवसभर नोकरी करून रात्री दहा-अकराला बर्फावर उतरणारी मोठी माणसं. रात्री पावणेबाराला ते वर आले, पहिला ग्लास उजेडाकडं धरला, मला म्हणाले बॉस, तुझा ग्लायकॉल पंप चालू आहे का? मला ग्लायकॉल पंप म्हणजे काय ते माहीत नव्हतं! लाईनच्या बाजूनं गार ग्लायकॉल, म्हणजे न गोठणारं द्रव, फिरतो म्हणून बीअर वाटेत तापत नाही, आणि आमचा पंप कधीचा बंद पडलेला, आधीच्या भाडेकरूपासनं. घामेजलेल्या अंगानं, खांद्यावर ती हॉकीची बॅग (त्या बॅगेचा वास ज्यांना माहितीय त्यांना माहितीय, सुकट बरी) घेऊन माणूस खाली कूलरमध्ये गेला आणि तासाभरात चालू करून दिला. पैसे घेतले नाहीत. म्हणाले दर दोन आठवड्यांनी लाईन धुवायची, नळ उघडून ब्रशनं, आणि कामाच्या पोरावर सोडायचं नाही. आजपर्यंत मी स्वतः धुतो. काचेचंपण त्यांनीच सांगितलं, काचेच्या बुडाशी गरम हवेची पट्टी बसव, वायपरवाला पोरगा वाचेल. वाचला.

कराडची विद्या कुठं लागली तर विंग्सला. कच्चे विंग्स फ्रायरमध्ये टाकले तर बारा मिनिटं जातात आणि दोन पिरियडमधला, म्हणजे गेमच्या दोन भागांमधला, फ्लड (झँबोनी बर्फावर पाणी मारते तो) तेवढ्यातच उरकतो, म्हणजे ऑर्डर टेबलावर जाईस्तोवर आईबाप परत काचेला नाक लावून बसलेले, खायला कुणाला वेळ. म्हणून अर्धे तळून ठेवायचे आणि बझरच्या आधी तीन मिनिटं दुसरं तळण सुरू. पूटीनचे (फ्राइजवर चीज आणि गरम ग्रेव्ही, क्वेबेकचा पदार्थ) फ्राइज पण दोनदा तळायचे, आणि चीज कर्ड, म्हणजे ताज्या चीजचे गोळे, फ्रिजमधनं डायरेक्ट टाकायचं नाही, आधी बाहेर काढून ठेवायचं नाहीतर ग्रेव्ही गार होते. हे मी क्वेबेकच्या माणसाला सांगायची हिंमत केली असती तर मार खाल्ला असता पण इकडं चालतं. वडापाव ठेवलेला, नाही चालला. ठेच्याचे विंग्स चालले, मेनूवर नाव नाही, नुसता "नंबर ७", कारण ठेचा म्हणता म्हणता माणसं थकायची. आणि सकाळी सहाच्या प्रॅक्टिसला आमच्याकडं बीअर नाही, चहा विकला जातो, आलं घालून. अर्धे पालक पंजाबी, टीव्हीवर हॉकीची कॉमेंट्री पंजाबीत लागते २००८ पासनं, पोरं बर्फावर, बाप आणि आजी वर चहाला. चहात किती मार्जिन आहे ते इथं लिहीत नाही.

२०१३ ची १३ मे एवढी सांगतो आणि पुढं जातो. टोरांटो लीफ्स, म्हणजे आमच्या इकडची एनएचएलची (मोठ्या प्रोफेशनल लीगची) टीम, २००४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनच्या बाद फेरीत, बोस्टनशी सातवी गेम, तिसऱ्या पिरियडला आपण ४–१. बार खच्चून भरलेला, मी पाजींना म्हटलं अजून दोन केग वर घ्या. ओव्हरटाइममध्ये ५–४ हरलो. एकही माणूस ओरडला नाही हो. मयताच्या घरनं उठावं तसं गपचूप उठून गेले, दोन टेबलं बिल न देता गेली आणि दोन्ही टेबलांचे पैसे दुसऱ्या दिवशी आणून दिले. १९६७ पासनं स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, नाही यांना, तरी दरवर्षी जर्सी घेतात, यावर मी काय बोलणार, मी तेवढ्यावर जगतो.

त्यानंतर तीन वर्षं बरी गेली. सांगण्यासारखं काही नाही, कर्ज फिटलं.

मग २०१६ ला पार्किंगच्या पलीकडं पब उघडला. मोठा, बारा टीव्ही, मागं पैसेवाली पार्टी. उघडू दे, मला काय. पण त्यानं काय केलं, बीअर लीगच्या टीमांना जर्सी फुकट दिल्या. पुढं टीमचं चित्र, पाठीवर नंबरच्या वर ह्याच्या पबचं नाव, आणि अट अशी की गेमनंतर त्याच्याच पबमध्ये यायचं, पहिला पिचर फुकट. म्हणजे माझ्या काचेतनं मी बघतोय, माझ्या रिंकवर, वीस माणसं त्याची जाहिरात अंगावर घालून फिरतायत, आणि बझर झाला की बॅगा उचलून पार्किंग ओलांडून तिकडं. रिंकच्या ऑफिसला सांगितलं तर म्हणाले जर्सी ही टीमची खाजगी बाब आहे. बर्फाभोवतीच्या कुंपणाच्या बोर्डावर माझी जाहिरात लावायचे पैसे मात्र घेतले. आणि उरलेले ड्रेसिंग रूममध्ये स्वतःच्या कूलरमधले कॅन फोडायचे, ते बेकायदेशीर आहे, लायसन्स माझ्या नावावर, इन्स्पेक्टर आला की उत्तर मी देणार. खरा स्पर्धक पब नव्हता म्हणा, ती बर्फ भरलेली निळी पेटी होती, पण राग पबवरच राहिला.

आता २०१८ चं. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटिश कोलंबियात फर्नीच्या अरीनात अमोनिया गळून तीन माणसं गेली, कामावरची माणसं. रिंकवाल्यांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी, बर्फाखाली काँक्रीट, काँक्रीटमध्ये पाइप, पाइपात खारं पाणी फिरतं, आणि त्या खाऱ्या पाण्याला गार करतो अमोनिया, चिलरमध्ये. चिलरची नळी आतनं सडली की अमोनिया खाऱ्या पाण्यात. फर्नीत तेच झालं होतं. त्यानंतर सगळे धास्तावलेले, आणि बरोबरच आहे. तर जानेवारीतल्या एका शनिवारी, पोरांची टुर्नामेंट, वर एक सीट रिकामी नाही, फ्रायरमध्ये चाळीस पाउंड विंग्स आणि अलार्म वाजला. सगळे पार्किंगमध्ये, उणे पंधराला, पोरं स्केट्सवरच बाहेर, बायको टेबलक्लॉथ गुंडाळायला देतेय. कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा.

ऑफिस म्हणालं दोन दिवस. आजोबा पार्किंगमध्ये माझ्याशेजारी उभे होते, त्यांनी मान हलवली. बॉस, चिलर बदलणार, दोन महिने धर, आजच बायकोला सांग.

सात आठवडे लागले. जानेवारी ते मार्च, म्हणजे आमची दिवाळी. दोन्ही पॅडवरचं बर्फ गेलं, खाली ओलं राखाडी काँक्रीट आणि त्यावर मधेच लाल-निळ्या रंगाचे ओघळ. माझी परवानगी होती उघडं ठेवायची, चौथ्या दिवसापासनं, पण बघायला काय? टीमा दुसऱ्या रिंकवर गेल्या. पार्किंगपलीकडच्यानं बाहेर बोर्ड लावला, "आमचं बर्फ ग्लासात आहे". मी तो बोर्ड रोज येता-जाता वाचला. आणि महिन्याच्या एक तारखेला रिंकच्या मालकाचा ईमेल, भाडं पूर्ण. करारात कुठंच लिहिलेलं नव्हतं की बर्फ नसेल तर भाडं कमी. करार मी वाचलाच नव्हता नीट, वकिलाचे पाचशे डॉलर वाचवले होते २०११ ला. तेव्हा रिंकमध्ये, स्टेडियममध्ये, थिएटरमध्ये, मंगल कार्यालयात जो कोणी कॅन्टीन घेत असेल त्यानं ते एक वाक्य घालून घ्यावं, मालक नाही म्हणाला तर उठावं. आणि हवेचं युनिट, बार, नळ, जे स्वतःच्या पैशानं बसवलंय ते सोडताना कुणाचं, तेही लिहून घ्या. मी सोडून जायचं ठरवलं तेव्हा कळलं की माझं युनिट त्यांचं आहे. म्हणून गेलो नाही, खरं कारण हे. बायको सगळ्यांना सांगते ह्यांची जिद्द.

पण मंगळवारी आजोबा आले. सोळा जणांना घेऊन. त्यांची गेम वीस किलोमीटर लांबच्या रिंकवर साडेदहाला संपलेली, तिथनं गाड्या काढून ही माणसं आमच्याकडं, वर, बॅगा जिन्यात टाकून. काचेपलीकडं अंधार, ओलं काँक्रीट आणि चिलरवाल्यांचा एक बल्ब. सगळे आपले तिकडं तोंड करून बसले, सवयीनं. एक जण म्हणाला आज झँबोनीवाला फार वेळ घेतोय. सातच्या सात मंगळवार आले. पाजींना तेव्हा मी अर्धा पगार देत होतो, त्यांनी त्या रात्री कुणी न सांगता नंबर ७ च्या दोन टोपल्या जास्त तळल्या.

मार्चमध्ये नवा चिलर आला, मग थराथरानं पाणी मारत बर्फ, पांढरा रंग, रेघा, परत पाणी. सीझन संपला तेव्हा ऑफिसनं छोटा कार्यक्रम ठेवला, कठीण काळात साथ देणाऱ्यांचे आभार. आभार कुणाचे? जर्सीवाल्याचे. स्टेजवर बोलावून. खाणं मात्र आमच्याकडनं होतं, डिस्काउंटमध्ये.

२०२० च्या २२ फेब्रुवारीला लीफ्सच्या विरुद्ध कॅरोलायनाच्या टीमचे दोन्ही गोली जखमी झाले आणि प्रेक्षकांत बसलेला, झँबोनी चालवणारा बेचाळीस वर्षांचा डेव्हिड एअर्स त्यांचा गोली म्हणून उतरला आणि जिंकला, ६–३. आमच्या झँबोनीवाल्याची शिफ्ट संपल्यावर त्या रात्री त्याला एक पैसा खर्च करू दिला नाही कुणी, आणि आजोबा गंभीरपणे म्हणत होते की माझा फोन नंबर कुणीतरी लीगला द्या. पुढच्या महिन्यात सगळंच बंद. कोविडवर लिहीत नाही, तो सगळ्यांनी भोगला. उघडलं, बंद केलं, २०२२ च्या ५ जानेवारीला परत बंद. एवढंच की ह्या वेळी भाड्याचं वाक्य करारात होतं.

समोरचा पब त्यातच गेला. मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. बारा टीव्ही लिलावात निघाले, त्यातले दोन माझ्याकडं आहेत, डाव्या भिंतीला.

आजोबा आता खेळत नाहीत, गुडघे. मंगळवारी येऊन काचेपाशी बसतात आणि ग्लास उजेडाकडं धरतात. मागच्या सीझनला एक नवीन टीम वर आली, पंचविशीतली पोरं, चार पिचर, दहा पाउंड विंग्स, टिप पण चांगली. पाठीवर बघतो तर पबचं नाव. म्हटलं अरे तो बंद पडला की, तर म्हणाली माहितीय, थोरल्या भावाच्या टीमच्या आहेत, कापड चांगलं आहे. बायकोला म्हटलं आपण यांना नव्या जर्सी देऊ, आपल्या नावाच्या. कोटेशन मागवलं, पंधरा खेळाडू, दोन गोली, पुढं-मागं छपाई, मोजे वेगळे. आकडा बघितला आणि कागद गल्ल्याखाली सरकवला. घालू देत.