माउंट ग्रेसचा वाकडा कोनाडा

इंग्लंडच्या उत्तर यॉर्कशरमधील ऑसमदर्ली गावाजवळ, दाट झाडीच्या टेकडीच्या पायथ्याशी, माउंट ग्रेस प्रायरी या मध्ययुगीन मठाचे अवशेष आहेत. भग्न चर्च पाहून तासाभरात परतायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. प्रत्यक्षात दुपार गेली ती भिंतीतल्या एका कोनाड्यापाशी.

सरेचा ड्यूक थॉमस हॉलंड याने १३९८ मध्ये हा मठ ख्रिस्ती साधूंच्या कार्थुझियन पंथासाठी स्थापन केला आणि १४०० च्या जानेवारीत, राजा चौथ्या हेन्रीविरुद्धच्या बंडात, तो स्वतःच मारला गेला. इतर बहुतेक पंथांचे साधू एकाच दालनात झोपत आणि रोज एका पंगतीला जेवत, तर कार्थुझियन साधू दिवसाचा बहुतेक वेळ एकट्याने काढीत. म्हणूनच इथले चर्च अगदी लहान आहे आणि खरी भव्यता आहे ती ओवऱ्यांनी वेढलेल्या चौकाची, ज्याच्या कडेने प्रत्येक साधूचे स्वतंत्र घर होते. अशा एका घराची पुनर्बांधणी विसाव्या शतकाच्या आरंभी लोहउद्योजक सर लोथियन बेल यांनी करून घेतली. खाली शेकोटीची खोली, निजण्याची व प्रार्थनेची जागा, वर कामाचा माळा, मागे भिंतीने बंदिस्त बाग, टेकडीवरच्या झऱ्यांतून नळाने आणलेले पाणी आणि बागेच्या टोकाला वाहत्या पाण्यावरचा शौचकूप! विरक्तांची ही सोय पाहून आमच्या भाड्याच्या घराची थोडी लाजच वाटली.

दाराशेजारच्या भिंतीतला कोनाडा मात्र सरळ आरपार नसून मध्येच काटकोनात वळतो. सेवेकरी बंधूने बाहेरून जेवण (त्यात मांस कधीच नसे) ठेवायचे आणि साधूने आतून उचलायचे, पण एकमेकांचे तोंड दिसू नये, यासाठी गवंड्याने ही युक्ती केली होती. मौनाचे व्रत नुसत्या निग्रहावर न सोपवता ते दगडात बांधून काढणारी ही बुद्धी मला उंच मनोऱ्यांपेक्षा मोठी वाटते.

१५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला. पुढे १६५४ मध्ये पाहुण्यांच्या इमारतीचा वाडा झाला. तो अजून उभा आहे.

निघण्यापूर्वी मी आत थांबलो आणि पत्नीने बाहेरून कोनाड्यात थालीपीठ ठेवले. हात वळवून मी ते चाचपडत उचलले, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "दिसतेय का रे मी?"