लाल चौकोनातली खतिजा

मंगळवार, रात्र

झोप येईना म्हणून इंग्लंडातल्या धाकटीनं होणाऱ्या मुलीसाठी केलेली नावांची शीट पुन्हा उघडली. दुपारी पाहिली तेव्हा बरं वाटलं होतं, म्हटलं आपल्यालाही विचारतायत. मग बोटानं खाली सरकता सरकता स्वतःचंच नाव दिसलं. खदिजा. पुढे दोन रकाने. अरबीच्या रकान्यात हिरवं, आणि शेजारी बारीक अक्षरात, 'मन्सुऱ्याला खदीगा म्हणतील, चालेल.' मन्सुरा म्हणजे जावयांचं मिसरमधलं, इजिप्तमधलं गाव. इंग्रजीच्या रकान्यात लाल. तिथे शेरा नाही, काही नाही. नुसता लाल चौकोन.

यात रागावण्यासारखं काय आहे? काही नाही. मी रागावलेलीही नाही. पण संध्याकाळी तांदूळ निवडताना तो चौकोन डोळ्यांसमोर, नमाज झाल्यावर पुन्हा तोच. म्हणून लिहायला बसले.

लाल काही एकट्या माझ्याच वाट्याला आलेलं नाही. गादा गेलं, खुलूद गेलं. घशातून येणारी अक्षरं इंग्रजांना झेपत नाहीत, म्हणून ख़, ग़, ऐन आणि 'बडी हे' ही अक्षरं ज्यात ज्यात आहेत ते बहुतेक सगळं लाल. उलट बाजूनंही तसंच. जावयांनी गंमत म्हणून पहिल्या ओळीत ऑलिव्हिया टाकलंय. इंग्लंडात २०१६पासून २०२४पर्यंत मुलींत दरवर्षी हेच पहिलं. पण अरबीत व्ह नाही, म्हणून ते पलीकडून लाल. म्हणजे न्याय सगळ्यांना सारखाच आहे. मुलगा असता तर सोपं होतं, असं धाकटी म्हणाली. आदम, यूसुफ, नूह, दोन्हीकडे चालतात. २०२३ साली तर तिथे मुलांत मुहम्मदच पहिलं आलं, तेही एकाच स्पेलिंगच्या जोरावर, कारण बाकीची स्पेलिंगं ते वेगळी नावं म्हणून मोजतात.

अरबीत प सुद्धा नाही. हे आमच्या घराला कुणी सांगायला नको. कुवेतमध्ये परकारांचे बारकार झाले होते. १९९०च्या ऑगस्टात इराकी फौजा शिरल्या, त्यानंतर हे अम्मानमार्गे परत आले. पिशवीत सांभाळून आणलेले दोनच कागद होते, पासपोर्ट आणि अकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना. एकावर परकार, दुसऱ्यावर बारकार. दारात उभे राहून म्हणाले, दोघंही सुखरूप आलो बरं का. आज ही शीट त्यांनी पाहिली असती तर... असो.

पण खतिजा लाल का? इतकं अवघड आहे का हो माझं नाव? हर्णैच्या बाजारात कोळणींना येतं. शाळेत पहिलीच्या पोरांना येत होतं. वाड्यावरच्या जोशीकाकू खतू गो म्हणून हाक मारायच्या, ती मशिदीपर्यंत ऐकू जायची. रेशनकार्डावर ते खतीजा आहे, बँकेत खदिजा, आधारवर खातिजा, आणि पेन्शनच्या कागदावर तर कारकुनानं काय लिहिलंय ते त्यालाच ठाऊक. तरी पेन्शन येते. इतक्या ठिकाणी जे नाव चाललं ते एका बेटावर चालू नये?

आणि नाव तरी कुणाचं. हजरत खदिजांचं. स्वतःचा व्यापार सांभाळणारी बाई, पैगंबरांच्या पहिल्या पत्नी. फुफूनं, म्हणजे माझ्या आत्यानं, हट्टानं ठेवलं होतं ते माझं. आता फुफूच्या मागे तिचं ऐकणारं कोण उरलंय. तो वेगळा विषय.

दुपारी फोनवर धाकटीला विचारलंच, अगदी सहज विचारल्यासारखं. ती लगेच म्हणाली, "अम्मी, प्रश्न नावाचा आहे, तुझा नाही." मग जरा गप्प राहिली आणि बोलायला लागली. तिथे दवाखान्यात, ऑफिसात, कुठेही कुणी यादी वाचत असलं की मधेच थांबतं. कागदाकडे बघतं, भुवया वर करतं, श्वास घेतं. तेवढ्यात ही ओळखते की आपला नंबर आला. वाचणाऱ्यानं तोंड उघडायच्या आत ही हात वर करते, म्हणजे त्याला त्रास नको आणि हिला ते ऐकायला नको. ऑफिसात तर तिच्या नावाची पहिली दोनच अक्षरं शिल्लक आहेत. "माझ्या मुलीला तो थांबा नको," म्हणाली. बस एवढंच.

त्यावर मी काय बोलणार? ते नाव तिला आम्हीच दिलं. इतक्या हौसेनं दिलं.

फोन ठेवल्यावर मात्र पुन्हा तेच. तिचं सगळं खरं, पण मग त्या यादीत माझं नाव घातलंच कशाला? लाल करायला? की आधी मनापासून घातलं आणि मग थांबा आठवला? पहिलं असेल तर वाईट वाटतं. दुसरं असेल तर जास्तच वाटतं. बारा वाजून गेले आणि मी एका चौकोनाशी भांडतेय. आजूबाजूला कुत्रंसुद्धा जागं नाही.

दुसरी गोष्ट, रकाने दोनच का? त्या मुलीला कुणी मराठीत हाक मारणारच नाही का? मिसरमध्ये कागदावर मुलाचं नाव, मग बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं, अशी चौघांची रांग असते. त्यात आईकडच्यांना जागा नाही. इथे निदान सरकारनं १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायला लावलंय. आई म्हणून का होईना, बाईला कागदावर जागा मिळाली. नानीला कुठल्याच देशात नाही. हे मी विहीणबाईंवरून म्हणत नाही. त्यांना पाचही नातवंडांची नावं ठेवायला मिळाली, त्यात त्यांचा काय दोष.

मग एक आठवलं आणि अंधारात एकटीच हसले. निकाहाच्या वेळी काझीसाहेबांनी घशातून चांगली खरखरीत खदीजा म्हटली. वकील आणि दोन साक्षीदार माझ्याकडे बघतायत, मामी मागून चिमटा काढतेय, आणि मी शांत बसलेली. मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय. माझं नाव बरोबर उच्चारलेलं मी जन्मात पहिल्यांदाच ऐकत होते! तेव्हा आमच्या दापोलीनं तरी हे नाव कुठे नीट घेतलं होतं? आम्ही आपल्या सोयीनं ख केला, द चा त केला आणि निवांत राहिलो. रकाने करून बसले तर माझ्या नावापुढे मराठीतही लालच यायला हवा. फक्त आमच्याकडे यादी वाचताना कुणी थांबत नाही. चुकीचं म्हणतात, पण दणकून म्हणतात.

तेव्हा ठरवलं की तिसरा रकाना मीच भरायचा. हाना, दोन्हीकडे हिरवं, विहीणबाईंनाही पसंत. पडवीतून हाक मारून बघितली असती तर शेजारचे काठी घेऊन धावत आले असते, कुणाला हाणायचंय म्हणून. सारा, तेही हिरवं. पण तलाठ्याकडे सारा भरलेल्या माझ्या पिढीला ते अंगणात रांगताना कसं दिसायचं? क़मर धाकटीनं स्वतःच खोडलंय. मिसरमध्ये क़ गिळतात, त्याचं 'अमर' होतं. गोड मुलीला तिकडे लाडानं 'या अमर' म्हणतात. इथे आमच्या एसटी स्टँडवर तशी हाक दिली तर दोन रिक्षावाले वळून बघतील.

लीना बरं आहे. पण मला रीमा सापडलं. जावयांनीच एकदा सांगितलं होतं, रीम म्हणजे पांढरं हरीण. इंग्रजाला त्यात अडखळायला काही नाही. आणि आमच्याकडे रीमा म्हटलं की बायकांना रीमा लागू आठवतील, म्हणजे नावाला आधीच मान. तिन्हीकडे हिरवं! इतकी हुशारी मी नोकरीत असताना दाखवली असती तर मुख्याध्यापिका झाले असते.

लगेच शीटमध्ये लिहायला गेले. बोट ठेवते तर काही उमटतच नाही. वर छोट्या अक्षरात होतं, मला फक्त बघायची परवानगी आहे. घ्या.

बुधवार, सकाळ

रात्रीचं वाचलं. बरंच रडगाणं झालंय, पण खोडत नाही.

धाकटीचा फोन आला होता. तिच्याकडे तेव्हा पहाट होती, तिलाही झोप नसते आता. मी रीमा सांगितलं. ती म्हणाली, "अरे, हे कसं सुचलं नाही?" जावयांना हाक मारून विचारलं, त्यांनी आतून काहीतरी अरबीत सांगितलं, त्यात हसू होतं. म्हणजे जमलं असावं. माझं नाव यादीत का घातलं होतं ते विचारायचं राहिलं. विचारणार होते.

माझ्या व्हिसाचं अजून काही कळलेलं नाही. त्यावर आज लिहायचं नाही.

नाव आत्ताच पक्कं होणार नाही, असंही म्हणाली. तिथे नोंदणीला ४२ दिवस मिळतात, पण विहीणबाई सातव्या दिवशी सुबू, म्हणजे त्यांच्याकडचं बारसं, करणार आहेत. बाळाला चाळणीत ठेवतात, कानाशी पितळी खलबत्ता वाजवतात, आणि जुन्या पद्धतीनं मेणबत्त्या लावतात. प्रत्येक मेणबत्तीला एकेक नाव द्यायचं, जी शेवटपर्यंत टिकेल तिचं नाव बाळाला. अर्थात आता सगळं गमतीनं, असं धाकटी म्हणाली. विहीणबाई हानाची लावणार, जावई लीनाची. मला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवणार आहेत.

मी म्हटलं, लावा की, छान आहे. फक्त रीमाची मेणबत्ती जरा जाड आण.