न पेरलेल्या जमिनीचे भाडे

इंदूरजवळ सांवेरच्या बाजूला आमची थोडी काळी जमीन आहे. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू हा माळव्याचा क्रम तिथेही चालतो. नाल्याकडच्या उताराची माती दर पावसाळ्यात वाहून जाते, म्हणून तेवढा तुकडा गवताखाली सोडावा असे मी सुचवले, तेव्हा बटाईने शेत करणारे काका हसून माळवीत म्हणाले, गवताचे पैसे कोण देणार?

अमेरिकेत ते सरकार देते. १९८५ च्या कृषी कायद्याने सुरू झालेल्या संवर्धन राखीव योजनेत, धूप होणारी जमीन दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने लागवडीतून काढून तिथे गवत किंवा झाडे राखणाऱ्याला दरवर्षी भाडे मिळते, शिवाय आच्छादन उभे करण्याच्या खर्चातही वाटा मिळतो. मात्र एखाद्या काउंटीतील, म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागातील, पिकाऊ जमिनीपैकी साधारणपणे २५ टक्क्यांहून अधिक जमीन योजनेत घेत नाहीत, आणि मला ही अट सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण शिवारच्या शिवार पडून राहिले, तर बियाणे विकणाऱ्याने आणि मजुराने जगावे कशावर?

आपल्याकडे पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात, पण ते जमीन नावावर असल्याबद्दल. माती राखली की घालवली, हे कोणी विचारत नाही. (आणि काकांच्या नावावर जमीन नाही.)

यंदा उतारावर वाळ्याच्या दोन ओळी लावायचे ठरले आहे. रोपांचा खर्च माझा, राखण काकांची.