सेंदाई, नागोया की तोक्यो : विद्यापीठ निवडताना

पदव्युत्तर शिक्षणासाठी जपानला जायचे ठरले की बहुतेक जण जागतिक क्रमवारीची यादी उघडतात. माझा विषय धातुशास्त्र, त्यातही चुंबकीय पदार्थ. त्यामुळे मी सेंदाई शहरातील तोहोकू विद्यापीठ, नागोया विद्यापीठ आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स तोक्यो या तीन संस्थांचा विचार केला आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले : जपानमध्ये विद्यापीठाच्या आधी प्रयोगशाळा निवडावी.

याचे कारण तिथल्या शिक्षणाच्या रचनेत आहे. अभियांत्रिकीचा पदव्युत्तर विद्यार्थी सुरुवातीपासूनच एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेचा सदस्य असतो आणि त्याची बसायची जागा, उपकरणे, नियमित चर्चासत्रे, वरिष्ठ विद्यार्थ्यांचा सहवास हे सारे तिथूनच मिळते. एकाच विद्यापीठाच्या दोन प्रयोगशाळांमध्ये दोन वर्षांचा अनुभव अगदी वेगळा असू शकतो. म्हणून प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचावेत, त्यांचे विद्यार्थी पुढे कोठे गेले ते पाहावे आणि चर्चासत्रे इंग्रजीत होतात की जपानीत, हे स्पष्ट विचारावे. पुढे पीएच.डी. करायची असेल तर प्राध्यापकांचे वयही पाहणे आवश्यक आहे, कारण अनेक राष्ट्रीय विद्यापीठांत ते 65व्या वर्षी निवृत्त होतात आणि मार्गदर्शक मध्येच बदलणे विद्यार्थ्याला फार जड जाते.

या कसोटीवर माझ्यासाठी तोहोकू पुढे ठरते. धातुशास्त्रज्ञ कोतारो होंडा यांनी 1917 मध्ये केएस पोलाद हे त्या काळातील अत्यंत प्रभावी कायमचुंबकी पोलाद तिथेच विकसित केले आणि चुंबकीय पदार्थांच्या संशोधनाची ती परंपरा आजही तिथल्या पदार्थसंशोधन संस्थेत चालू आहे. नागोयाचे बळ वेगळे आहे. निळ्या एलईडीसाठी 2014 चे नोबेल मिळालेले इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांचे संशोधन या विद्यापीठाशी जोडलेले असल्याने अर्धवाहकांकडे वळणाऱ्याने आधी नागोयाच पाहावे. शिवाय वाहन उद्योगही जवळच आहे.

खर्चाचा हिशेबही महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय विद्यापीठांचे प्रमाणित वार्षिक शुल्क 5,35,800 येन आणि प्रवेशशुल्क 2,82,000 येन आहे. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स तोक्यो ही संस्था 2024 मध्ये दोन विद्यापीठांच्या विलीनीकरणातून उभी राहिली आणि तिचे शुल्क वर्षाला 6,35,400 येन आहे. त्यात राजधानीतील घरभाडे मिळवले की मध्यमवर्गीय कुटुंबावर येणारा भार लक्षात येतो. अर्धवेळ काम परवानगी घेऊन आठवड्याला 28 तासच करता येते आणि संशोधन सांभाळून तेवढेही होईल, असे गृहीत धरू नये.

जपान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्काचा प्रश्नच उरत नाही. मात्र दूतावासाच्या आणि विद्यापीठाच्या शिफारशीचे मार्ग वेगळे आहेत आणि एकाच वर्षी दोन्हींकडून अर्ज करता येत नाही. दूतावासाच्या मार्गाने पहिली निवड झाल्यावर प्राध्यापकांकडून स्वीकृतिपत्र मिळवावे लागते, आणि तिथे आधीपासून झालेला पत्रव्यवहार कामी येतो.

भाषेबद्दल दोन शब्द. इंग्रजीतून पदव्युत्तर पदवी मिळते, हे खरे. पण प्रयोगशाळेतील सहकारी आणि घरमालक जपानीतच बोलतात आणि पुढे बहुतेक कंपन्यांच्या मुलाखतीही जपानीतच होतात. पुण्यात जपानी शिकण्याची चांगली सोय आहे आणि जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै व डिसेंबरमध्ये होते, तेव्हा निघण्यापूर्वी निदान तिची एन3 ही मधली पातळी गाठणे शक्य आहे. माझ्या मते ते टाळू नये.

मी सेंदाईला पहिली पसंती दिली आहे. तोक्योहून शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) ते सुमारे दीड तासावर आहे आणि 2015 मध्ये सुरू झालेल्या तोझाई मेट्रोमुळे आओबायामा टेकडीवरील अभियांत्रिकी संकुलापर्यंत थेट जाता येते. आता तिथल्या एका प्राध्यापकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा लिहीत आहे आणि त्यात त्यांच्या कोणत्या शोधनिबंधातील कोणता प्रश्न मला पुढे न्यायचा आहे, हे पहिल्याच परिच्छेदात मांडणार आहे.