आमची वाटचाल : कागदावरचे दोन सेकंद

गोवा मुक्त झाल्यावर थोड्याच दिवसांत वडिलांनी म्हापशाच्या बाजारात घड्याळदुरुस्तीचं टेबल मांडलं. १९६१ सालीच एचएमटीनं सिटिझनशी करार करून बेंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला होता. पुढली तीसेक वर्षं आमच्याकडे मुख्यतः दोनच प्रकार यायचे, पोर्तुगीज अमदानीतली स्विस घड्याळं आणि एचएमटी. ती वर्षं बरी गेली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

बॅटरीवरचं क्वार्ट्‌झ आलं, मग मोबाइल आले, तरी आम्ही तगलो. बुडायची वेळ आली ती कोपऱ्यावरच्या दुकानामुळे. त्यांनी पाटी लावली, ‘येथे घड्याळांची संगणकीय तपासणी होते’. तपासणी काय, तर फोनवर एक अ‍ॅप. ताजी चावी दिलेलं घड्याळ फोनच्या माइकपाशी उताणं ठेवायचं, अर्धं मिनिट टिकटिक ऐकवायची आणि छापील कागद हातात द्यायचा : दिवसाला अधिक दोन सेकंद. गिऱ्हाइकाला कागद आवडतो. आमच्याकडे वडिलांची वही होती. आकाशवाणीच्या ठोक्यांवर घड्याळ लावायचं, दुसऱ्या दिवशी त्याच ठोक्यांवर फरक लिहायचा. वही बघायला कोण थांबतो?

दोन वर्षांत दुकानाचं भाडं थकलं. वडिलांची लेथ, म्हणजे बारीक भाग कातायचं यंत्र, विकावी लागली. लाकडी पेटीतली, कोलेट्स, म्हणजे कातायचा तुकडा पकडणाऱ्या नळ्या, आकारवार लावून ठेवलेली. तुटलेल्या बॅलन्स स्टाफच्या, म्हणजे घड्याळातल्या झुलत्या चाकाच्या आसाच्या, जागी नवा त्यांनी हिच्यावर किती वेळा कातला असेल, मोजदाद नाही. एक मध्यस्थ येऊन घेऊन गेला. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

त्याच पावसाळ्यात शिवोलीचा आमचा जुना तारवटी आला. बोटीवरून सुटीवर आला की आधी आमच्याकडे, मग घरी, असा हा माणूस. त्यालाही कागदाचा मोह झाला होता. फाव्हर ल्युबा कंपनीचं सी किंग घड्याळ आणि तो कागद त्यानं शेजारी शेजारी ठेवला. म्हणाला, “पात्रांव, कागदार दोन सेकंद, मनगटार अर्दें मिनीट. खंयचें खरें?”

मी घड्याळ सहा दिवस ठेवून घेतलं. डायल वर, डायल खाली, चावी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. एकेका स्थितीत पुरते चोवीस तास. उताणं असताना खरंच दोन सेकंद पुढे होतं. चावी खाली करून उभं टांगलं तर छत्तीस सेकंद मागे! खोलल्यावर कारण दिसलं. तेल आटून डिंक झालेलं, बॅलन्सच्या आसाचं एक टोक, म्हणजे पिव्हट, झिजलेलं. कागद खोटा नव्हता. त्यानं प्रश्नच एक विचारला होता, आणि तोही घड्याळ पोट भरून निजलेलं असताना.

तो हिशेब मी त्याला वहीत दाखवला. पुढच्या खेपेला त्यानं आणखी तिघांची घड्याळं आणली आणि आगाऊ पैसे ठेवले. त्या पैशांत वेशी नावाच्या चिनी कंपनीचा टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळ तपासणारं मशीन, आला. मशीनला माझा विरोध कधीच नव्हता, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. वही सहा दिवसांत सांगते ते मशीन दहा मिनिटांत सांगतं, वर अँप्लिट्यूड (बॅलन्स किती अंश झुलतो) आणि बीट एररही (टिक आणि टॉक यांच्यातली असमानता) दाखवतं. फक्त त्याला नीट विचारावं लागतं. पूर्ण चावीवर एकदा, चोवीस तासांनी पुन्हा एकदा. लिफ्ट अँगल, म्हणजे एका ठोक्यादरम्यान बॅलन्स फिरतो तो कोन, त्या त्या घड्याळाच्या यंत्राचा टाकावा. सगळ्यांना ५२ अंश लावून मोकळे होणारे आहेत. त्यानं वेगाचा आकडा बिघडत नाही, अँप्लिट्यूड मात्र भलतंच निघतं. आणि शुक्रवारी घड्याळ आणू नका. बाजाराचा गलका माइकमध्ये शिरतो, ओळीच्या जागी पडद्यावर नुसते तीळ सांडतात.

फोनची खरी गोम मुलानं दाखवली, तो फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकत होता तेव्हा. टिकटिक मोजणाऱ्या फोनचं किंवा लॅपटॉपचं स्वतःचं वेळ मोजणारं स्फटिक तरी बरोबर चालतंय का? दहा लाखांत एक भाग चुकलं, तर दिवसाला ०.०८६ सेकंद. त्यानं जीपीएसचं एक छोटं सर्किट आणून त्याचा दर सेकंदाचा ठोका लॅपटॉपला ऐकवला. आमचा लॅपटॉप दहा लाखांत ३८ भागांनी चुकत होता. म्हणजे दिवसाला सव्वातीन सेकंद. कोपऱ्यावरच्या त्या दोन सेकंदांहून जास्त! आता आम्ही तो फरक वजा करूनच आकडा देतो.

आणि टिकटिक ऐकणं म्हणजे काटे बघणं नव्हे. घड्याळांच्या अचूकतेला प्रमाणपत्र देणाऱ्या स्वित्झर्लंडच्या कॉस्क या संस्थेत घड्याळाचं यंत्र १५ दिवस, ५ स्थितींत, ८, २३ आणि ३८ अंश तापमानाला ठेवतात, रोज कॅमेऱ्यानं सेकंदकाटा वाचतात. रोजच्या फरकाची सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसली तर पुढची बात. आमची गरिबाची आवृत्ती अशी : फोनवर नेटवरून जुळलेली वेळ लावा, रोज सकाळी चावी देण्याआधी फोन आणि घड्याळ एका फोटोत येतील असं बघा, आठ दिवसांचे फोटो मला पाठवा. रात्री घड्याळ स्पीकरजवळ ठेवू नका. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या स्प्रिंगचे, वेढे चुंबकानं चिकटले की घड्याळ उधळतं, आणि मग दोष आमच्या माथी.

तारवटी अजून फोटो पाठवतो. बोट कुठल्याही समुद्रात असो, सी किंग म्हापशाच्या वेळेवर. काटे फिरवले तर सेकंदांची साखळी तुटते, म्हणून तो चावी ओढत नाही. गेल्या फेरीत रोजचा फरक चार सेकंदांच्या पलीकडे गेला नाही.

आमची लेथ कोपऱ्यावरच्या दुकानाच्या शोकेसमध्ये आहे. शोभेला. पाऊस लागला की तिच्या दांड्यावर चढलेला तांबूस गंज रस्त्यावरून दिसतो. विकत मागून झाली, दोनदा. गेल्या जूनमध्ये न राहवून मुलाच्या हाती तेलाची बाटली पाठवली. ती परत आली, झाकणाचं सील तसंच.