सुई खाली ठेवायला लावणारे सिनेमे

परवा ब्लाउजचं माप द्यायला एक काकू आल्या होत्या. मोबाईलवर माझा सिनेमा चालू होता. त्यांनी सहज विचारलं, "तुला कसले पिक्चर आवडतात गं?" मला पटकन काही सांगता आलं नाही. छाती, कंबर, बाही वहीत लिहून घेतली, मागचा गळा किती खोल हवा ते विचारलं. त्या गेल्या, पण प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला, म्हणून हे लिहायला बसले.

आधी माझी बघायची पद्धत सांगते, कारण आवडनिवड तिच्यातूनच तयार झाली आहे. कोल्हापुरात घरच्या घरी मी २२ वर्षं शिलाई करते. मशीन चालू असताना काही ऐकू येत नाही, त्यामुळे टिपा मारायची कामं सकाळी उरकते. दुपारी जेवणं झाली की हातशिलाई घेऊन बसते. हूक, काज, फॉल, पदराचे गोंडे. तेव्हा बटणांच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवलेला असतो. डोळे सुईवर आणि कान सिनेमाकडे. ज्यांत खालची अक्षरं वाचावी लागतात ते परदेशी सिनेमे रविवारसाठी ठेवते, हात मोकळे ठेवून बघायला. आणि काही सिनेमे असे निघतात की कामासोबत म्हणून लावले आणि दहा मिनिटांत सुई टोचून बाजूला ठेवावी लागली. चांगल्या सिनेमाची माझी खूण तीच.

हूक लावायला विनोदी सिनेमासारखी सोबत नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मी किती वेळा ऐकला असेन याचा हिशेब नाही. ऐकला असंच म्हणते, कारण अशोक सराफ शब्दावर कुठे थांबतात आणि कुठे घाई करतात यातच अर्धी गंमत आहे. पण सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून आले की मान वर होतेच. शाळेच्या गॅदरिंगसाठी मुलांचे ब्लाउज मी शिवले आहेत. पुरुषाचा खांदा रुंद असतो, मुंढ्याला जरा कमी कापड सोडलं की हात वर करताना काखेत ओढ बसते. लक्ष्मीकांत त्या साडीत किती सहज वावरतो! पदर सावरायची त्याची लकब बघून वाटतं, या माणसानं घरातल्या बायकांकडे फार नीट बघितलं असणार. त्यातली लिंबू कलरची साडी तर आमच्या धंद्यात कायमची राहिली. फिकट पिवळं कापड घेऊन येणारी बाई आजही हसत तोच रंग सांगते.

रडवणारे सिनेमे पूर्वी आवडायचे. 'माहेरची साडी' १९९१ मध्ये आला तेव्हा मी कॉलेजला होते, आईबरोबर गेले होते. थिएटरमध्ये बायकांचे हुंदके ऐकू येत होते, आईचाही पदर भिजला होता. आज तो मला बघवत नाही. सोसणाऱ्या बाईचं इतकं कौतुक बघून मनाला त्रास होतो. माझ्याकडे माप द्यायला येणाऱ्या बायकांनी मापं देता देता जे सांगितलंय, ते ऐकल्यावर तर जास्तच. पण त्या दिवशीचं आईचं रडणं खरं होतं. त्यामुळे त्या सिनेमाला कोणी नावं ठेवली की मी गप्प बसते.

तमाशापटांवर माझा फार जीव आहे. 'पिंजरा'मधल्या संध्याबाईंच्या नऊवारीचा काष्टा मी थांबवून थांबवून बघितलाय. हल्ली नाचासाठी शिवलेल्या नऊवारीची मागणी असते, त्यात निऱ्या कुठे पक्क्या करायच्या आणि कुठे मोकळ्या सोडायच्या हे असं बघूनच शिकता येतं. पण मनात घर केलं ते 'नटरंग'नं. २०१० साली तो आला तेव्हा आम्ही सगळी जावा-नणंदा मिळून गेलो होतो. कथा आनंद यादवांच्या कादंबरीवरची. गुणा कागलकर, म्हणजे आडनावात आमच्या शेजारचंच कागल. पैलवान अंगाचा शेतमजूर फड उभा करतो आणि नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करून नाचणारा पुरुष, मिळत नाही म्हणून स्वतःच नाच्या होतो. अतुल कुलकर्णींनी त्यासाठी आधी शरीर कमावलं आणि मग उतरवलं. लोक त्याचं कौतुक मेहनत म्हणून करतात. मला त्यात दुसरंच दिसलं. माझ्या वहीत एकेका माणसाचं एक माप असतं. पाच वर्षांनी आलेल्या बाईचं माप बदललेलं असलं तर मधल्या काळात काय काय झालं असेल ते मला थोडं कळतं. बाळंतपण, आजारपण, काळजी. गुणाच्या छातीचं माप सिनेमाच्या पहिल्या भागात एक आणि नंतर वेगळंच. त्या दोन मापांच्या मधे त्यानं काय गमावलं, तेच सगळं त्या सिनेमात आहे. घरी आल्यावर रात्री मी काही शिवू शकले नाही.

भुताखेतांचे सिनेमे एकटी असताना लावत नाही, भीती खरोखर वाटते. 'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हा गेले नाही. २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरला लागला तेव्हा मुलगी ओढून घेऊन गेली. केवढा पाऊस त्या सिनेमात! अंगाला ओल येते. खाली अंधारात उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, आत बसून कणकेची बाहुली पुढे टाकायची आणि हस्तर नावाच्या शापित देवाच्या लंगोटातून सोन्याची नाणी काढायची. कणीक आपण रोज मळतो. त्याच कणकेची भीती वाटायला लावणं हे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांचं मोठंच काम. दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना मी हात धुऊन जरा वेळ तशीच उभी होते.

मारामारीच्या सिनेमांकडे मी सहसा जात नाही. दहा जणांना लोळवून हिरोच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडत नाही, तिथे माझं मन लागत नाही. याला अपवाद जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा 'सेव्हन सामुराई' (१९५४). साडेतीन तासांचा आहे, मी दोन रविवारांत पुरा केला. सात सामुराई, म्हणजे जुन्या काळातले लढवय्ये, शेतकऱ्यांचं गाव दरोडेखोरांपासून राखायला येतात. त्यातला एक हसरा सामुराई गावासाठी कापडाचं निशाण तयार करतो. सहा गोल, एक त्रिकोण आणि खाली शेतकऱ्यांसाठी एक अक्षर. पुढे सातांपैकी पहिला तोच जातो, आणि सगळे रडत असताना एक जण ते निशाण घेऊन छपरावर चढतो आणि वर रोवतो. लढाई नंतर येते, पावसात, चिखलात, तीही मोठीच. पण मला आठवतं ते कापडच.

कोर्टाचे सिनेमे मात्र फॉल लावायला उत्तम. 'एक रुका हुआ फैसला'मध्ये एक खोली आणि १२ माणसं, पण आवाजावरून प्रत्येक जण ओळखता येतो. त्याच समजुतीनं चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' लावला आणि तिथे कानानं काम भागेना. त्यात एका बाईच्या खटल्याची सुनावणी न्यायाधीश पुढे ढकलतात, कारण काय, तर ती बिनबाह्यांचं घालून आलीय. सुई थांबली. किती मुलींनी माझ्याकडे बाही कमी करून मागितली आणि सोबत आलेल्या आईनं किंवा सासूनं "कोपरापर्यंतच ठेव गं" म्हणून सांगितलं, त्या सगळ्या आठवल्या.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो सिनेमा. 'बायसिकल थीव्ज', इटलीचा, १९४८चा, दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका. शाहू स्मारकात बघितला होता, नंतर मोबाईलवर. गोष्ट एवढीशी आहे. माणसाला भिंतीवर पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, पण त्याला सायकल पाहिजे आणि सायकल तर गहाण पडलेली. मग त्याची बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते, गाठोडं बांधते आणि त्या गहाण टाकायला नेते. लग्नात आलेल्या चादरी. दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन उंच मांडणीवर चढत जातो आणि आपल्याला दिसतं, तिथे छतापर्यंत असलीच गाठोडी रचलेली आहेत. म्हणजे किती घरांतले पलंग उघडे पडलेत! पुढे सायकल चोरीला जाते, बाप आणि मुलगा शहरभर शोधत फिरतात. बापाचं काम करणारा माणूस खऱ्या आयुष्यात कारखान्यातला कामगार होता, आणि ते त्याच्या हातांवरून, चालण्यावरून कळतं.

माझी पहिली मशीन घेताना आईनं तिच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. सहा वर्षांनी सुटल्या. त्या सहा वर्षांत ती लग्नाकार्याला पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायची, मनगटापर्यंतचा. तो मीच शिवून द्यायचे.

आईला आता अक्षरं नीट दिसत नाहीत आणि ती भाषा तर आम्हा दोघींनाही येत नाही. तरी गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी मी तिला मोबाईलवर हा सिनेमा लावून दिला, शेजारी बसून थोडं थोडं सांगत. ती शेवटपर्यंत बसली. सायकलीबद्दल, चोराबद्दल, त्या पोराबद्दल काहीच बोलली नाही. मोबाईल बंद केल्यावर जरा वेळानं म्हणाली, "मग त्या चादरी सोडवून आणल्या का गं तिनं?"

मी म्हटलं, "नाही आई, ते दाखवलं नाही."

ती म्हणाली, "आणल्या असतील," आणि माझ्या हातातली साडी ओढून घेऊन फॉलची राहिलेली बाजू लावायला लागली.