११८ रुपयांचा फरक

२०२३ चा जून. पाऊस लांबला होता आणि कोल्हापुरात घामानं जीव नकोसा झाला होता. शुक्रवारी दुपारी पावणेचारच्या सुमाराला माझ्या ऑफिसात बाप-लेक आले. मुलगा बावीस वर्षांचा, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रात्रपाळीला. वडील शेतकरी, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावचे. टोपी काढून मांडीवर ठेवत ते म्हणाले, "ताई, आज रात्री बाराला हेच्या गाडीचा इमा संपतोय. सगळ्यात स्वस्त कुठला बसतोय तेवढं बघा."

मी एका ब्रोकर कंपनीमार्फत काम करते. पाच-सहा विमा कंपन्यांचे दर मला एकाच स्क्रीनवर दिसतात, त्यामुळे 'सगळ्यात स्वस्त' हे वाक्य मी रोज ऐकते. पण या दोघांकडे आधीच दोन आकडे होते. एक होता जुन्या कंपनीच्या रिन्यूअल नोटिशीतला, १३,७४२ रुपये. दुसरा कुणा एजंटानं मुलाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलेला, ९,६१२. घरी दोन दिवस त्यावरून वाद चालला होता.

मुलाचा पहिला प्रश्न असा : "मॅडम, माझं वय कमी म्हणून जास्त लावलंय का? यूट्यूबवर बघितलं, पोरांना डबल हप्ता असतोय."

त्यानं बघितलं ते खोटं नव्हतं, पण ते इंग्लंड-अमेरिकेतलं होतं. तिकडे चालवणाऱ्याचं वय हीच मोठी बाब असते. आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा, दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या सीसीवर असतो. १ जून २०२२ पासून १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीला तो ३,४१६ रुपये होता. मग चालवणारा बावीसचा असो नाहीतर बासष्टचा. त्याची गाडी ११९७ सीसीची, २०१६ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. म्हणजे त्या ३,४१६ मध्ये कुणी एक रुपया कमी-जास्त करू शकत नव्हतं. महाग झाला होता तो ओडीचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग. तिथं कंपनी मूळ दरावर आपल्या हिशेबानं सूट देते, आणि गेल्या वर्षी दोन क्लेम झालेल्या गाडीला ती सूट आखडती घेते.

"दोन क्लेम कसले?" मी विचारलं.

पहिला रंकाळ्यावरचा. पार्किंगमध्ये मागचा बंपर दुचाकीला घासला. बिल ४,६०० रुपये. त्यातून प्लास्टिकचा निम्मा घसारा गेला, रंगाचा थोडा गेला, वर प्रत्येक क्लेमला स्वतः भरायचे सक्तीचे १,००० गेले. हाती आले १,९००. एवढ्यासाठी त्याच्या नावावर एक क्लेम चढला. तेव्हा त्याला कुणी तरी अडवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. गॅरेजवाला "इन्शुरन्स आहे ना, टाकून द्या" म्हणतो आणि पोरगं टाकून देतं.

दुसरा क्लेम जानेवारीतला, ४८,००० चा. रात्रपाळी संपवून येताना केर्लीच्या पुढे उसानं भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला बंद पडून उभी. ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, ना मागं एखादा दगड. समोरून आलेल्या गाडीचा झोत डोळ्यांवर, आणि ट्रॉली दिसली तेव्हा उशीर झाला होता. हे सांगताना मुलगा खाली बघत होता. वडीलही.

मग मी तो ९,६१२ चा कागद मोबाइलवर मोठा करून वाचला. ओडी सहा हजार. खाली 'नो क्लेम बोनस २५ टक्के', म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, वजा १,५००.

"बाळा, तुझे दोन क्लेम झालेत. हा बोनस कुठनं आला?"

"ते म्हणाले, तसंच टाकायला लागतंय. कोण बघत नाही."

इथं मला माझं सांगावं लागेल. धंद्यात नवी असताना, २०१२ साली, मी एका गिऱ्हाइकाच्या तोंडी शब्दावर वीस टक्के बोनस लावला होता. आधीची पॉलिसी मागितली नाही, क्लेम झाला होता का हे कागदावर बघितलं नाही. त्याचे सातशे-आठशे रुपये वाचले. चार महिन्यांनी आंबा घाटात गाडी उलटली. कंपनीनं जुन्या कंपनीकडून खात्री करून घेतली होती, आणि एक लाख ऐंशी हजारांचा क्लेम नाकारला गेला. प्रस्तावात सहीच्या वरच लिहिलेलं असतं की बोनसची माहिती खोटी निघाली तर पहिल्या विभागाचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, सगळे लाभ जप्त होतील. सही त्याची होती, पण रकान्यात 'नाही' मी भरलं होतं. तो माणूस मला काही बोलला नाही. त्यानं गाडी भंगारात विकली, आणि त्यानंतर रस्त्यात दिसला तरी माझ्याकडे बघत नसे. तेव्हापासून जुनी पॉलिसी हातात आल्याशिवाय मी दर काढत नाही.

हे मी त्या दोघांना सांगितलं. वडिलांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. म्हणाले, "मग असं करा. नुसती थर्ड पार्टी टाका. पोलिसानं धरलं न्हाई म्हंजी झालं."

हा मार्ग कायदेशीर आहे, आणि गाडी जुनी, कमी फिरणारी असेल तर मीच तो सुचवते. ज्याला क्लेमच्या इतिहासामुळे ओडी परवडत नाही त्यानं स्वतःचा पत्रा वाऱ्यावर सोडला तरी चालेल, पण दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी सोडून चालणार नाही. विमाच नसेल तर पहिल्या खेपेला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, पण तो दंड मला कधी मोठा वाटला नाही. माणूस गेला आणि विमा नसला, तर भरपाई जमीन विकून द्यावी लागते.

तरी मी एक प्रश्न विचारला. "गाडीत कोण कोण असतं?"

"गावातली चार पोरं. सगळी एमआयडीसीतच आहेत. रात्री दहाला निघतो."

"पैसे घेतोस?"

"न्हाई. आळीपाळीनं पेट्रोल टाकतात."

सीटमागे भाडं घेऊ नकोस, हे मी त्याला दोनदा बजावलं. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू होत नाही, तसं तिच्यात छापलेलं असतं. आणि मग खरी अडचण सांगितली. थर्ड पार्टी म्हणजे रस्त्यावरचा माणूस. गाडीत फुकट बसलेले मित्र नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत धरायचे की नाही, यावर वर्षानुवर्षं कोर्टात भांडणं झाली आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल विमा कंपनीच्या बाजूनं गेलेले आहेत. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे ओडी आणि थर्ड पार्टी दोन्ही असतात त्या पॉलिसीत, मात्र ते धरले जातात. विमा नियामकानं नोव्हेंबर २००९ मध्ये तसं परिपत्रकच काढलं. रोज रात्री चार आयांची चार पोरं घेऊन जाणाऱ्या गाडीला नुसती थर्ड पार्टी मी काढून देणार नव्हते.

वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तेरा हजार न्हाईत, ताई. बियाणं-खत दारात आलंय."

साडेचार झाले होते. रात्री बाराच्या आत पॉलिसी निघाली नाही तर ब्रेक-इन, म्हणजे विम्यात खंड. मग गाडीचं इन्स्पेक्शन, फोटो, आणि कंपनीच्या मर्जीवर एक-दोन दिवस. त्या दिवसांत गाडी दारात उभी राहील याची मला खात्री नव्हती. रात्रपाळी होतीच.

मी दोन्ही क्लेम खरे टाकून दर काढायला बसले. दोन कंपन्यांनी सिस्टिममध्येच नकार दिला. तिसरी जुन्या कंपनीपेक्षा महाग. चौथीचा आकडा येईना, म्हणून शाहूपुरीतल्या शाखेत फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याला ट्रॉलीची हकीकत सांगितली, गाडीचे आत्ताचे फोटो पाठवले, मुलाच्या लायसन्सवर काही नाही हे दाखवलं. वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला : ओडी सहा हजार, बोनस शून्य.

आता त्यावर कात्री कुठं चालवायची? दारात पाणी येणारं घर असतं तर इंजिनाच्या जादा कव्हरला मी हात लावला नसता. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यात गाडी सुरू करून इंजिनं गेलेली माणसं मी बघितली आहेत. पण यांचं घर उंचावर. ते कव्हर काढलं. रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली तर मिळणारी मदत, तेही काढलं. आणि मग व्हॉलंटरी डिडक्टिबल. आपल्या मराठीत सांगायचं तर प्रत्येक क्लेममधला ठरावीक भाग मी स्वतः सोसेन असं आधीच कबूल करणं. ५,००० रुपये सोसायचे कबूल केले तर ओडीवर २५ टक्के सूट मिळते, जास्तीत जास्त १,५०० रुपये.

सहा हजारांवर २५ टक्के. बरोबर १,५००.

मी कॅल्क्युलेटर मुलाकडे फिरवला. खोट्या बोनसनं वाचणारे तेवढेच रुपये खऱ्या मार्गानंही वाचत होते. ओडी ४,५००, थर्ड पार्टी ३,४१६, मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघात कव्हर ३३०. बेरीज ८,२४६, त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ९,७३०.

"म्हणजे ११८ रुपये जास्त," मुलगा म्हणाला.

ते ११८ कुठले हेही मला सापडलं. त्या एजंटानं थर्ड पार्टीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाखांवरून ६,००० वर आणली होती. त्याबद्दल १०० रुपये कमी होतात, आणि त्यावरचा जीएसटी १८. उद्या हे पोरगं कुणाच्या दुकानात घुसलं असतं तर सहा हजारांत शटरसुद्धा झालं नसतं. कागदावर ती ओळ होती, बारीक अक्षरात. त्यांना कुणी वाचून दाखवली नव्हती.

डिडक्टिबलची दुसरी बाजूही मी सांगितली. सक्तीचे १,००० आणि हे ५,०००, म्हणजे दर खेपेला पहिले सहा हजार घरचे. रंकाळ्यासारखा बंपर घासला तर कंपनीकडून एक पैसा येणार नाही.

"ते त्यो भरंल पगारातनं," वडील म्हणाले. मुलानं मान हलवली.

मुलगा यूपीआयनं पैसे भरायला लागला, तेव्हा वडिलांनी हात वर करून थांबवलं. "आनि ती चार पोरं? त्यास्नी काय झालं तर कोर्टाचीच वाट बघायची?"

कोर्टाविना मिळणारं एक कव्हर आहे, गाडीत बसलेल्यांचं अपघात कव्हर. सीटमागे एक लाखाला ५० रुपये. पाच सीटचे २५०. जीएसटीसकट आकडा झाला १०,०२५. वडिलांनी बंडीच्या खिशातून तीनशे काढून मुलाच्या हातात दिले आणि म्हणाले, "टाक."

पाच वाजून चाळीस मिनिटांनी पॉलिसी मेलवर आली. मी प्रिंट काढली, मुलाला दोन पानं वाचायला लावली, डिडक्टिबलच्या ओळीखाली पेनानं रेघ मारली.

उठताना मी सहज विचारलं, "मामा, तुमचा ऊस कोण वाहतंय?"

"घरचाच टॅक्टर हाय."

"ट्रॉलीचा नंबर घातलाय का ट्रॅक्टरच्या पॉलिसीत? तो वेगळा घालावा लागतो."

ते दारातच थांबले. मुलानं त्यांच्याकडे बघितलं. "आन् मागं रिफ्लेक्टर?" तो म्हणाला. वडील काही बोलले नाहीत. पायऱ्या उतरून गेले आणि खालून हाक आली, "ताई, सोमवारी टॅक्टरची कागदं घेऊन येतो."